मदत हवी आहे : तायो मात्सुमोतो यांची ‘नंबर फाइव्ह’ कशी वाचावी?

नमस्कार.

जपानी चित्रकथाकार तायो मात्सुमोतो यांची ‘नंबर फाइव्ह’ ही मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, मी सध्या वाचत आहे आणि दुसरा खंड संपवून अडलो आहे. २००० ते २००५ या काळात ती शोगाकुकान या जपानी प्रकाशनसंस्थेच्या ‘इक्की’ या नियतकालिकात क्रमशः आली. जपानीत तिचे ८ खंड आहेत. माझ्याकडे व्हिझ या प्रकाशनसंस्थेची ४ जाड खंडांची इंग्रजी आवृत्ती आहे.

कथेचा सांगाडा कळतो. पृथ्वीचा बहुतेक भाग वाळवंट झाला आहे. शांतिसेनेतल्या अतिमानवांच्या तुकडीतला पाचव्या क्रमांकाचा नेमबाज मात्र्योष्का नावाच्या बाईला घेऊन पळाला आहे आणि त्याचेच सहकारी त्याच्या मागावर आहेत. परंतु तो का उलटला, हे मला अजून कुणाच्या बोलण्यात सापडलेले नाही. संवादाचा फुगा नसलेली पाने मी भराभर उलटत होतो, आणि कदाचित उत्तर तिथेच निसटले असावे, असे आता वाटते. लहानपणापासून चित्रकथा मजकुराच्या आधाराने वाचायची सवय असल्यामुळे, मात्सुमोतोंच्या त्या थरथरत्या, हाताने ओढलेल्या रेषेकडे किती वेळ पाहावे, याचा अंदाजच येत नाही. आपण अशी पाने कशी वाचता?

दुसरा प्रश्न जपानी जाणणाऱ्यांना आहे. पुण्यात ही भाषा शिकलेले अनेकजण इथे असतील. मूळ शीर्षकात ‘नंबर फाइव्ह’पुढे एक कांजी अक्षर, म्हणजे जपानीत वापरले जाणारे चिनी चिन्ह, येते. वरच्या अर्ध्या भागात पाच या आकड्याचे चिन्ह, खाली तोंडाचा चौकोन. उच्चार पाचासारखाच ‘गो’, आणि अर्थ मात्र ‘मी’. ज्याला नावाऐवजी क्रमांक मिळाला, त्याच्या क्रमांकातच ‘मी’ लपलेला असावा, हे मला फार विलक्षण वाटले, आणि सगळ्या कथेची किल्ली इथेच असेल अशी माझी समजूत होत चालली आहे. मूळ जपानी संवादांत हा श्लेष पुढेही येतो का, की तो शीर्षकापुरताच आहे? एकात एक बसणाऱ्या बाहुल्यांचे नाव त्या बाईला दिले आहे, त्याचाही याच्याशी काही संबंध असावा का?

याच लेखकाची ‘टेक्कॉनकिंक्रीट’ ही मांगा मी वाचलेली नाही. ती आधी वाचल्यास ही चित्रभाषा सोपी जाईल का, तेही कृपया सांगावे. तिसऱ्या आणि चौथ्या खंडातील घटना मात्र उघड करू नयेत, ही विनंती.