शहरातील रस्त्यावर सायकल कडेला चिकटून चालवणे खरोखर सुरक्षित आहे का?

वाटसरू (प्रश्न)

माझी मुलगी यंदापासून महाविद्यालयात सायकलने जाणार आहे. तिच्या वाटेवर सतत वाहता असा एक रुंद रस्ता, दोन मोठे चौक आणि दुतर्फा मोटारी उभ्या असणारा एक टप्पा आहे. घरातील प्रत्येकाने तिला एकच सूचना दिली आहे : रस्त्याच्या अगदी कडेने जा, म्हणजे मागून येणाऱ्या गाड्यांची भीती नाही. ही सूचना ऐकायला योग्य वाटते. परंतु सायकलस्वारांच्या अपघातांविषयी जे थोडेफार वाचनात आले, त्यात चौक, वळणे आणि उभ्या गाड्यांचे दरवाजे यांचाच उल्लेख वारंवार येतो, आणि त्यामुळे आपण तिला भलत्याच धोक्यापासून जपत आहोत की काय, अशी शंका मनात आली आहे. हेल्मेट आम्ही घेतले आहे. त्यापलीकडे तिला काय शिकवावे, हे अनुभवी सायकलस्वारांनी आणि वाहनचालकांनीही कृपया सविस्तर सांगावे.

पायडलवाला

आपली शंका रास्त आहे. मागून बसणारी धडक जीवघेणी असते यात वाद नाही, आणि वेगवान, मोकळ्या रस्त्यावर, विशेषतः अंधारात, तिचीच भीती सर्वांत मोठी. शहरात मात्र सायकलस्वार आणि वाहने यांचे मार्ग जिथे एकमेकांना छेदतात तिथेच बहुतेक धोका साठलेला असतो, आणि कडेला चिकटलेला सायकलस्वार नेमका अशाच ठिकाणी कोणाच्या नजरेस पडत नाही. बाजूच्या गल्लीतून बाहेर येणारा चालक ज्या पट्ट्याकडे पाहत असतो, त्या पट्ट्यात तो नसतोच.

कडेला खडी, काचा, साचलेले पाणी आणि गटारांच्या जाळ्या असतात. जाळीच्या फटी चाकाला समांतर असतील तर पुढचे चाक त्यात अडकून स्वार थेट डोक्यावर पडू शकतो. शिवाय एखादा खड्डा चुकवायचा झाला तर सायकल रहदारीच्या बाजूलाच वळवावी लागते, कारण दुसऱ्या बाजूला जागाच उरलेली नसते. त्यातच मागचा चालक त्या अरुंद फटीकडे पाहून ‘आपली गाडी निघून जाईल’ असा अंदाज बांधतो आणि सायकलला जवळजवळ घासून पुढे जातो.

ब्रिटनच्या ‘हायवे कोड’ या वाहतूक नियमावलीत जानेवारी २०२२ मध्ये जे बदल झाले, त्यांत हा विचार स्पष्टपणे आला आहे. शांत रस्त्यावर, मंद रहदारीत आणि चौकाजवळ येताना सायकलस्वाराने मार्गिकेच्या मध्यभागी चालावे, आणि वेगवान रहदारीच्या वर्दळीच्या रस्त्यावर कडेपासून किमान अर्धा मीटर अंतर ठेवावे, असे तिथे सांगितले आहे.

उभ्या मोटारींच्या टप्प्यात अर्धा मीटरही पुरत नाही. उघडलेला दरवाजा साधारण एक मीटरभर जागा व्यापतो, आणि त्याची कड हँडलच्या टोकाला लागली की हँडल झटक्यात फिरून स्वार रहदारीच्या बाजूला फेकला जाऊ शकतो. म्हणून पूर्ण उघडलेला दरवाजाही लागणार नाही इतक्या अंतरावरून, सरळ रेषेत जावे. दोन मोटारींमध्ये मोकळी जागा दिसली म्हणून आत शिरून पुन्हा बाहेर येऊ नये, कारण प्रत्येक वेळी बाहेर येणारी सायकल मागच्या चालकाला अनपेक्षित असते.

मोटारीत बसणाऱ्यांसाठीही एक सवय सांगतो. दरवाजा त्याच्या जवळच्या हाताने न उघडता दूरच्या हाताने उघडावा. तसे केल्याने खांदा आपोआप वळतो आणि नजर मागे जाते. नेदरलँड्समध्ये ही सवय प्रचलित आहे आणि २०२२ पासून वर उल्लेखलेल्या नियमावलीतही तिची शिफारस आहे. आपल्या घरी मोटार असेल तर सर्वांनीच ही सवय लावून घ्यावी, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

बाराचाकी

मी अनेक वर्षे अवजड मालमोटार चालवली आहे, म्हणून चालकाच्या आसनावरून काय दिसते आणि काय दिसत नाही, तेवढेच सांगतो. केबिन उंच असल्यामुळे समोरच्या बंपरला लागून उभा असलेला सायकलस्वार अनेक गाड्यांमध्ये काचेतून दिसतच नाही. कडेच्या बाजूला, विशेषतः दरवाजाच्या खाली आणि थोडे मागे, असाच एक मोठा आंधळा पट्टा असतो. आरसे कितीही लावले तरी चालकाला एका क्षणी एकाच आरशात पाहता येते.

दुसरी गोष्ट अनेक सायकलस्वारांना ठाऊक नसते. लांब वाहन वळते तेव्हा मागची चाके पुढच्या चाकांच्या मागोमाग जात नाहीत, ती कोपरा कापून आतल्या बाजूने जातात. पुरेशी जागा मिळावी म्हणून चालक आधी गाडी वळणाच्या विरुद्ध बाजूला घेतो, त्यामुळे कडेला ऐसपैस मोकळी वाट तयार झाल्यासारखी दिसते आणि नेमका त्याच वेळी सायकलस्वार त्या वाटेत शिरतो. गाडी वळू लागली की ती वाट बंद होत जाते आणि आत सापडलेल्याला बाहेर पडण्यासाठी जागा राहत नाही.

आपल्या मुलीला एवढे नक्की शिकवा की सिग्नलला थांबलेल्या ट्रक किंवा बसच्या कडेने पुढे सरकायचे नाही, मग सायकलसाठी रंगवलेली पट्टी तिथे असली तरीही. मागे थांबावे. चालकाचा चेहरा, निदान आरशात तरी, आपल्याला दिसत नसेल तर आपणही त्याला दिसत नाही असे समजावे. लंडनमध्ये १२ टनांहून अधिक वजनाच्या मालमोटारींना केबिनमधून थेट किती दिसते यावरून तारे दिले जातात आणि २०२१ पासून त्यानुसार परवान्याची सक्ती झाली आहे. २०२४ च्या ऑक्टोबरपासून ही अट तीन ताऱ्यांपर्यंत वाढली, आणि त्याहून कमी तारे असलेल्या गाड्यांना अतिरिक्त सुरक्षा उपकरणे बसवावी लागतात. चालकाला सावध राहण्याचे धडे द्यायलाच हवेत, पण ज्या केबिनमधून माणूस दिसतच नाही ती केबिन बदलणे हे त्याहून महत्त्वाचे काम आहे, असे मला मनापासून वाटते.

वाटसरू

दोघांचेही आभार. ट्रकच्या मागच्या चाकांविषयीची माहिती आमच्यापैकी कोणालाच नव्हती. दोन गोष्टी अजून विचारते. मार्गिकेच्या मध्यभागी चालताना मागचा चालक सतत हॉर्न वाजवू लागला तर तिने काय करावे? आणि हेल्मेटवर कितपत विसंबून राहावे?

अंतरवेग

हेल्मेटविषयी आधी. ते अवश्य घालावे, मात्र ते कशासाठी तयार केले आहे हे समजून घ्यावे. युरोपातील ईएन १०७८ या मानकानुसार हेल्मेट सपाट पृष्ठभागावर सेकंदाला ५.४२ मीटर, म्हणजे ताशी साधारण २० किलोमीटर वेगाने आपटून तपासले जाते. सुमारे दीड मीटर उंचीवरून पडल्यावर येणारा हा वेग आहे. तोल जाऊन डोके रस्त्यावर आपटले तर हेल्मेट उत्तम काम करते, पण वेगाने आलेल्या मोटारीच्या धडकेचा सगळा भार पेलण्याची अपेक्षा त्याच्याकडून ठेवता येत नाही. एकदा जोरात आपटलेले हेल्मेट वरून धड दिसले तरी बदलावे, कारण आतला फेस दबला की पुन्हा पूर्ववत होत नाही.

धडकेचा परिणाम मुख्यतः वाहनाचा वेग ठरवतो. ताशी ५० किलोमीटर वेगाच्या गाडीची गतिज ऊर्जा ताशी ३० च्या गाडीच्या जवळजवळ पावणेतीन पट असते. याहून बोलका हिशेब अंतराचा आहे. धोका दिसल्यापासून ब्रेकवर पाय जाईपर्यंत एक सेकंद धरला, तर कोरड्या रस्त्यावर ताशी ३० ची गाडी सुमारे १३ मीटरांत पूर्ण थांबलेली असते. ताशी ५० ची गाडी तेवढ्या अंतरावर अजून पूर्ण वेगातच असते, कारण त्या एका सेकंदातच ती जवळपास १४ मीटर पुढे गेलेली असते. स्पेनने मे २०२१ पासून शहरांतील, प्रत्येक दिशेला एकच मार्गिका असलेल्या रस्त्यांवर ताशी ३० ची मर्यादा लागू केली, तिच्यामागे हेच गणित आहे.

माझ्या मते मुलीचा मार्गही याच निकषावर निवडावा. थोडा लांबचा पण संथ रहदारीचा रस्ता उपलब्ध असेल, तर तो रुंद आणि वेगवान रस्त्यापेक्षा नेहमीच बरा.

पायडलवाला

हॉर्नविषयी. मार्गिकेच्या मध्यभागी कायम चालायचे नसते. अरुंद जागा, उभ्या मोटारी किंवा चौक जवळ आला की थोडे आधीच मागे वळून पाहावे, हाताने इशारा करावा, जागा मिळाल्याची खात्री करून मगच मध्ये यावे, आणि तो भाग ओलांडला की पुन्हा एका बाजूला व्हावे. मागे वळून पाहताना सायकल सरळ रेषेत ठेवता येणे हे यातले खरे कौशल्य आहे, आणि ते मोकळ्या मैदानात भरपूर सराव करूनच रस्त्यावर यावे. हॉर्नला घाबरून अचानक कडेला मात्र मुळीच वळू नये. रस्ता खरोखर मोकळा होईल तिथे वाट द्यावी.

अंधार पडण्याची शक्यता असेल तर पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा हवाच. परावर्तक पट्ट्या जाकिटाबरोबर घोट्यांवरही बांधाव्यात, कारण वर-खाली होणारे पाय पाहून चालकाला समोर माणूस आहे हे चटकन कळते.

राहिले दोन मोठे चौक. रहदारीचे पट्टे ओलांडून वळावे लागत असेल तर सुरुवातीचे काही महिने तिने ते एका दमात करू नये. सरळ जाणाऱ्या सिग्नलवर समोरच्या कोपऱ्यापर्यंत जावे, तिथे सायकल नव्या दिशेला वळवून उभे राहावे आणि त्या दिशेचा सिग्नल मिळाल्यावर पुढे निघावे. कोपऱ्यावर थांबायला सुरक्षित जागा नसेल तर उतरून, सायकल हातात धरून पादचाऱ्यांच्या पट्ट्यांवरून जावे. महाविद्यालय सुरू होण्याआधी एखाद्या सुट्टीच्या सकाळी आपण तिच्यासोबत हा संपूर्ण मार्ग करून पाहावा आणि प्रत्येक चौकात कुठे थांबायचे, कुठे उतरायचे, हे दोघींनी मिळून तिथेच ठरवावे.