मुलाखत झाली, रँक लिस्ट भरायची आहे: प्रोग्राम पुन्हा जाऊन बघावा का?

मिरजेची_आयएमजी

नमस्कार. या सीझनला अमेरिकेत इंटर्नल मेडिसिनच्या रेसिडेन्सीसाठी, म्हणजे डॉक्टरकीच्या पुढच्या प्रशिक्षणासाठी, अर्ज केला होता. अकरा इंटरव्ह्यू झाले, सगळे झूमवर. न्यू जर्सीत एडिसनला मावशीच्या शिवणाच्या टेबलावर लॅपटॉप ठेवून दिले. ऑब्झर्व्हरशिप (हॉस्पिटलात नुसतं बघून शिकणं) डिसेंबरात संपली, बी१/बी२ व्हिजिटर व्हिसावर आहे, मार्चअखेरपर्यंत इथेच.

रँक लिस्ट म्हणजे आपल्या पसंतीच्या क्रमाने प्रोग्राम लिहायचे. तिसऱ्या क्रमांकापासून खालची लिस्ट ठरली आहे. अडकलंय ते पहिल्या दोघांत. एक पेनसिल्व्हेनियातला विद्यापीठाचा मोठा प्रोग्राम, दुसरा क्लीव्हलँडच्या बाजूचा कम्युनिटी हॉस्पिटलचा. पहिल्याकडून मेल आली आहे की फेब्रुवारीत ‘सेकंड लूक डे’ आहे, म्हणजे पुन्हा येऊन प्रोग्राम बघायचा दिवस, येणं ऐच्छिक. दुसऱ्याकडून काहीच आलेलं नाही. पण इंटरव्ह्यूच्या दिवशी तिथली एक इंटर्न, म्हणजे पहिल्या वर्षाची रेसिडेंट, कॅमेरा बंद करता करता म्हणाली, “काही विचारायचं राहिलं तर मला लिही. खरंच लिही.” ते डोक्यातून जात नाही.

दोन्हीकडे जायचं तर विमान, हॉटेल धरून सहाशे-सातशे डॉलर होतील. परीक्षा आणि अर्जांचे पैसे बाबांनी पीएफमधून काढून दिले आहेत, त्यामुळे प्रत्येक डॉलर लागतो. बाबा म्हणतात, “इतकं केलंस, आता एवढ्यासाठी मागे राहू नकोस.” पण नुसतं ‘मागे राहू नये’ म्हणून जायला मन तयार होत नाही.

गेल्याने त्यांच्या लिस्टमध्ये आपण वर जातो का? ज्यांनी बोलावलेलं नाही त्यांना कसं विचारायचं? आणि गेलंच तर तिथे बघायचं काय? एका दिवसात हॉस्पिटल कळतं का?

पेड्स_पीजीवाय१

मी कुठेही गेले नाही. दुसऱ्या नंबरवर मॅच झालं (उमेदवारांच्या आणि प्रोग्रामांच्या लिस्टा जुळवून जागा ठरते, तो मॅच) आणि मजेत आहे. पैसे नसतील तर जाऊ नकोस आणि त्याबद्दल मनाला लावूनही घेऊ नकोस. मॅच चालवणाऱ्या एनआरएमपी या संस्थेच्या आचारसंहितेत स्पष्ट लिहिलं आहे की प्रोग्रामने दुसऱ्या भेटीची सक्ती करायची नाही. तू गेली नाहीस म्हणून तुझी इच्छा कमी, असा अर्थ कुणी काढू नये यासाठीच तो नियम आहे.

ओहायोतला_पीजीवाय३

मी २०२३ ला मॅच झालो. त्याआधी फेब्रुवारीत दोन ठिकाणी पुन्हा जाऊन आलो होतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिलं डोक्यात पक्कं कर: ही भेट त्यांना आपण आवडावं म्हणून नाही, आपल्याला ठरवता यावं म्हणून आहे. मॅचचं अल्गोरिदम उमेदवाराच्या बाजूने चालतं. १९९८ पासून जे वापरात आहे ते अल्विन रॉथ आणि इलियट पेरॅन्सन यांनी बसवलं, आणि अशा जुळवणीच्या अभ्यासासाठी रॉथ यांना २०१२ मध्ये लॉइड शॅप्ली यांच्यासोबत अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. आपल्यापुरता त्याचा अर्थ इतकाच, की मनात जो क्रम आहे तोच भरायचा. ‘ते मला घेतील का’ हा विचार क्रम लावताना करायचा नाही. पहिल्या नंबरवर लिहिलेल्या ठिकाणी जागा मिळाली नाही तर दुसऱ्या नंबरावरची तुझी संधी तसूभरही कमी होत नाही. म्हणजे खरा प्रश्न एकच उरतो: तुला कुठे जायचंय? ते घरबसल्या कळत असेल तर तिकीट काढू नकोस.

घरबसल्या बरंच कळतं. प्रोग्रामची मान्यता कोणत्या स्थितीत आहे, वॉर्निंग किंवा प्रोबेशन आहे का, हे मान्यता देणाऱ्या एसीजीएमईच्या साइटवर दिसतं. इंटर्नल मेडिसिनची बोर्ड परीक्षा घेणारं एबीआयएम प्रोग्रामवार पास रेट जाहीर करतं. जे-१ व्हिसा देतात की एच-१बी पण देतात, हे कोऑर्डिनेटरला एका मेलमध्ये विचारता येतं. या गोष्टींसाठी विमानाचे पैसे घालवायचे नाहीत.

मग जायचं कशासाठी? माझं सांगतो. पहिल्या ठिकाणी त्यांचा ठरवलेला दिवस होता. चार तास छान फिरवलं, सिम्युलेशन लॅब, कॅफेटेरिया, नवीन कॅथ लॅब, जेवण, प्रोग्राम डायरेक्टरांचं भाषण. एकाही रेसिडेंटशी एकट्याने बोलता आलं नाही. झूमवर जे पाहिलं होतं तेच पुन्हा पाहून परत आलो. तेव्हा तो माझ्या लिस्टवर पहिला होता.

दुसऱ्या ठिकाणी मी स्वतः विचारून गेलो होतो. कोऑर्डिनेटरने दुपारी एका सेकंड इयरसोबत बसवून दिलं. रेसिडेंट्सची वर्करूम म्हणजे खिडकी नसलेली खोली, सहा कॉम्प्युटर, एक तुटकी खुर्ची. तिथे मी ‘वर्क-लाइफ बॅलन्स कसा आहे’ असलं काही विचारलं नाही. विचारलं, “काल घरी किती वाजता गेलात?” एक म्हणाला सव्वासहा. दुसरी म्हणाली साडेसात, पण काल लाँग कॉल (उशिरापर्यंतची ड्युटी) होता. तिसऱ्याने जरा आठवून सांगितलं. तिघांचीही उत्तरं घड्याळातली होती. मग विचारलं, “घरी गेल्यावर नोट्स लिहिल्या का?” तिघंही नाही म्हणाले.

त्या रात्री हॉटेलमधून पहिल्या प्रोग्रामच्या एका रेसिडेंटला फोन केला आणि हेच दोन प्रश्न विचारले. तो थोडा थांबला आणि म्हणाला, “अवर्स ऐंशीच्या आत लॉग करतो. बाकीचं घरून.” नियम तुला माहीत आहेच, चार आठवड्यांच्या सरासरीने आठवड्याला ८० तास, आणि घरून केलेलं क्लिनिकल कामही त्यात धरायचं असतं. तो तक्रार करत नव्हता, सवय झालेला माणूस बोलतो तसं बोलला. मी माझ्या लिस्टवरचे पहिले दोन नंबर उलटे केले. त्या फोनला खर्च काहीच नव्हता, पण प्रश्न कोणता विचारायचा हे वर्करूममध्ये बसल्यावरच सुचलं.

ज्यांनी बोलावलं नाही त्यांना लिहायचं तर मेल प्रोग्राम डायरेक्टरांना नाही, कोऑर्डिनेटरला. नाव, एएएमसी आयडी (अर्जाचा ओळख क्रमांक), इंटरव्ह्यूची तारीख. एका वाक्यात कारण, आणि ते खरं असू दे. तुला सोयीच्या दोन तारखा. एका-दोघा रेसिडेंट्ससोबत बसता येईल का, ही विनंती. शेवटी असं लिही की ही भेट ऐच्छिक आहे आणि जमणार नसेल तर फोनवर बोलणंही चालेल. त्यांना नाही म्हणायला वाट ठेव. आठवड्यात उत्तर नाही आलं तर एकदा आठवण, त्यानंतर सोडून दे. आणि हो म्हणाले तर आधीच विचार की फ्लूच्या लशीचा दाखला किंवा गोपनीयतेचा फॉर्म लागेल का. काही हॉस्पिटलं त्याशिवाय वर्करूमपर्यंत सोडत नाहीत.

जमलं तर सकाळी जाऊ नकोस, संध्याकाळी जा. दिवसाची टीम रात्रीच्या टीमला पेशंट सोपवते तो अर्धा तास बघ. टूरमध्ये तो कधीच नसतो आणि प्रोग्राम कसा आहे ते तिथे दिसतं.

आणि फेब्रुवारीत क्लीव्हलँड म्हणजे लेक ईरीवरून येणारा बर्फ. परतीचं विमान त्याच रात्रीचं काढू नकोस. बर्फात गाडी चालवायची सवय नसेल तर भाड्याची गाडीही नको.

माजी_चीफ

वरच्या प्रतिसादात जवळपास सगळं आलं आहे. आतल्या बाजूने दोन-तीन गोष्टी सांगते.

मी चीफ रेसिडेंट असताना आम्ही आमची उमेदवारांची लिस्ट सर्टिफाय, म्हणजे पक्की, करून मगच उमेदवारांना बोलवायचो, म्हणजे भेटीचा परिणाम होण्याचा प्रश्नच राहत नसे. आता बरेच प्रोग्राम असं करतात आणि आमंत्रणाच्या मेलमध्ये तसं लिहितातही. पेनसिल्व्हेनियाची मेल पुन्हा नीट वाच, बहुतेक त्यात असेल. नसेल तर कोऑर्डिनेटरला सरळ विचार, त्यात गैर काही नाही. लिस्ट अजून उघडी असेल तर तो दिवस इंटरव्ह्यूसारखाच समज. भेटीला आलं म्हणून आम्ही कुणाला वर नेलं नाही. पण कोऑर्डिनेटरशी तोऱ्यात बोललेल्या एकाची चर्चा रँक मीटिंगमध्ये झाली होती, ती माझ्या लक्षात आहे.

‘आम्हाला कितव्या नंबरवर टाकणार’ हे कुणीही विचारलं तरी उत्तर देणं तुझ्यावर बंधनकारक नाही. तसं विचारायची त्यांना परवानगीच नाही. तू आपणहून सांगू शकतेस, पण ‘तुम्हीच पहिले’ हे वाक्य एकाच ठिकाणी लिही आणि खरं असेल तरच लिही.

बी१/बी२ वर आहेस ना? मग फक्त बसायचं आणि ऐकायचं. कुणी प्रेमाने “ये, तपासून बघ” म्हणालं तरी पेशंटला हात लावायचा नाही.

आणि एक माझ्या मनातलं. तुला त्या इंटर्नचं वाक्य आठवतंय, म्हणजे तुला काहीतरी विचारायचं आहे. आधी तिलाच लिही.

मिरजेची_आयएमजी

सगळ्यांचे मनापासून आभार. जाऊन आले, म्हणून लिहिते आहे.

त्या इंटर्नला त्याच रात्री मेल केली. तिने दुसऱ्या दिवशी कोऑर्डिनेटरचा पत्ता दिला आणि लिहिलं की मी पण गेल्या वर्षी अशीच येऊन गेले होते. मग कोऑर्डिनेटरला पाच ओळींची मेल केली, अगदी वर सांगितलंय तशी. उत्तर तीन दिवसांनी आलं: मंगळवारी दुपारी तीनला या, लशीचा दाखला आणा.

पेनसिल्व्हेनियाच्या सेकंड लूकला गेले नाही. त्यांच्या मेलमध्ये खरंच शेवटच्या परिच्छेदात होतं की लिस्ट आधीच लॉक केली आहे. ते वाचून इतकं हलकं वाटलं! त्यांच्याकडून जे-१ वर असलेल्या दोन रेसिडेंट्सचे मेल आयडी मागितले आणि त्यातल्या एकाशी चाळीस मिनिटं फोनवर बोलले. चांगला प्रोग्राम आहे, त्याने काही लपवलं नाही. काल किती वाजता घरी गेलास, तर म्हणाला आठ, आणि मग प्रामाणिकपणे म्हणाला, “बहुतेक आठच.”

क्लीव्हलँडला नेवार्कहून गेले. फॉर्मवर सही केली आहे, त्यामुळे पेशंटबद्दल इथे काही लिहिणार नाही, फक्त एक आकडा सांगते. साडेसहाला साइन-आउट, म्हणजे रात्रीच्या टीमला पेशंट सोपवणं, सुरू झालं. इंटर्न यादी वाचत होता, कोट अर्धा अंगात, एक बाही लोंबतेय. एका पेशंटचं रक्तातलं सोडियम १३२ म्हणाला आणि पुढे सरकला. रात्रीच्या सीनियरने त्याला थांबवलं. “सकाळी किती होतं?” त्याने कागद उलटला. १२२. म्हणजे दहा-बारा तासांत दहाने वाढलं, आणि एका दिवसात आठाच्या वर सहसा जाऊ द्यायचं नाही. इंटर्नचा चेहरा उतरला. मला वाटलं आता सगळ्यांसमोर बोलणी बसणार. तशी मी बघितली आहेत, खाल्लीही आहेत.

सीनियर खुर्ची ओढून त्याच्या शेजारी बसली. चार्ट उघडला, दोघांनी मिळून लघवीचं प्रमाण बघितलं, कोणतं फ्लुइड कधी चालू झालं ते बघितलं. नेफ्रॉलॉजीला (किडनीच्या डॉक्टरांना) फोन त्यालाच करायला लावला. तो बोलत असताना ती स्क्रीनवर आकडे बोटाने दाखवत होती. फोन ठेवल्यावर म्हणाली, “दोन तासांनी मी रिपीट करते. तू जेवलास का?” मग त्याने दुसरी बाही घातली आणि उरलेली यादी वाचली.

परत हॉटेलवर जाताना मला मेल करायला सांगणारी ती इंटर्न बसस्टॉपपर्यंत आली. तिथे तिला विचारलं, हे रोज असं असतं का, की मी होते म्हणून? ती म्हणाली रोज नाही. एक-दोन सीनियर वेगळे आहेत, आणि आयसीयूचा महिना फार जड जातो. मग त्या महिन्यात ती कोणत्या दिवशी रडली तेही सांगितलं. मी तिच्यावर विश्वास ठेवला.

बर्फामुळे दुसऱ्या दिवशीचं विमान पाच तास उशिरा निघालं. खर्च सगळा मिळून तीनशे चाळीस डॉलर.

काल लिस्ट भरली. क्लीव्हलँड पहिला, पेनसिल्व्हेनिया दुसरा, बाकी आधीसारखीच. सेव्ह केल्यावर सर्टिफाय वेगळं करावं लागतं हे मावसभावाने दोनदा विचारून खात्री करून घेतली. मग मिरजेला फोन लावला. इथे रात्रीचे आठ, तिकडे सकाळचे साडेसहा. बाबा चहा करत होते. पहिल्या नंबरवर कम्युनिटी हॉस्पिटल टाकलं म्हटल्यावर क्षणभर गप्प झाले, मग म्हणाले, “तिथे काय बघितलंस ते सांग.” मी त्यांना सोडियमची गोष्ट सांगितली.