अनुभव धागा : सरकारी अनुदान आलं, मग संस्थेचं काय झालं?

पुण्यात संस्था नाही अशी पेठ सापडणार नाही. वाचनालय, वसतिगृह, बालगृह, व्यायामशाळा. आपल्यापैकी पुष्कळ जण कुठे ना कुठे कार्यकारिणीवर, पगारावर किंवा हिशेब तपासायला बसलेले आहेत. अनुदान मिळाल्यावर जे स्वतः पाहिलं ते लिहा, संस्थेचं नाव न घेता. माझं मत आधीच सांगते : मला या पैशाबद्दल शंका आहे, आणि ती खाबूगिरीपुरती नाही. प्रामाणिक माणसांची संस्थासुद्धा हळूहळू लोकांकडे पाठ करून कार्यालयाकडे तोंड करते.

ग्रंथपाल, मुळशी तालुका

१९६७च्या ग्रंथालय कायद्याखाली वाचनालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग आहेत आणि वर्गावर अनुदान ठरतं. आमचं वाचनालय 'क' वर्गात. वर्ग टिकवायचा तर ग्रंथसंख्या, सभासद, वर्तमानपत्रं असं सगळं भरलेलं दिसावं लागतं. त्यामुळे हप्ता हातात आला की खरेदीची घाई. जो विक्रेता जास्त सूट देतो त्याचे गठ्ठे येतात. दाखल नोंदवही पूर्ण, कपाटं गच्च, आणि गावातली मुलं स्पर्धा परीक्षेचं ताजं पुस्तक मागतात ते नाही. २०१२ साली राज्यभर ग्रंथालयांची पडताळणी झाली, ते चांगलंच झालं. पण त्यानंतर नवी मान्यता आणि दर्जावाढ वर्षानुवर्षं थांबली आणि नीट चालणारी वाचनालयंही जागच्या जागी अडकली. मला सर्वांत लागतं ते वेगळंच. वर्गणी मागायला गेलं की लोक म्हणतात, "तुम्हाला सरकार देतं की." पूर्वी हेच लोक भिशीतून वाचनालयाला पैसे काढून द्यायचे. आता वाचनालय त्यांना आपलं वाटत नाही.

संस्थांचे हिशेब तपासतो, सदाशिव पेठ

उपयोगिता प्रमाणपत्र म्हणजे काय, हे लोकांना कळायला हवं. पैसा मंजूर कामासाठीच खर्च झाला, एवढंच ते सांगतं. त्या कामाने कुणाचं भलं झालं का, हा प्रश्न त्यात कुठेच येत नाही. निधी बरेचदा वर्ष संपता संपता येतो आणि ३१ मार्चच्या आत खर्ची पडावा लागतो. मग एका आठवड्यात प्रशिक्षणं उरकली जातात. फलक, फोटो, उपस्थितीपट, जेवणाचं बिल. फाइल निर्दोष असते. मी सही करतो, कारण कागद खरे असतात.

कॅग म्हणजे सरकारी पैशाचे हिशेब तपासणारे देशाचे महालेखापरीक्षक. त्यांच्या १९७१च्या कायद्यात कलम १४ आहे. अनुदान २५ लाखांहून कमी नाही आणि संस्थेच्या एकूण खर्चाच्या ७५ टक्क्यांहून कमी नाही, असं असेल तर कॅगचं लेखापरीक्षण लागतं. छोट्या छोट्या रकमा घेणाऱ्या असंख्य संस्था त्यात बसतच नाहीत. काही वर्षांपूर्वी सीबीआयने सर्वोच्च न्यायालयापुढे देशातल्या संस्थांची माहिती ठेवली, तेव्हा नोंदणी झालेल्यांपैकी हिशेब सादर करणाऱ्या जेमतेम दहा टक्के निघाल्या. ज्यांना हिशेब द्यायची सवय नाही, त्यांच्या हाती जनतेचा पैसा का जावा?

निवृत्त मुख्याध्यापिका, हडपसर

ऑक्टोबर २०११ची पटपडताळणी आठवते. मुलांच्या बोटांना शाई लावून मोजणी झाली. विद्यार्थीसंख्येवर शिक्षकांची पदं आणि पदांवर अनुदान असलं की पट फुगणारच.

बालगृहाची माजी अधीक्षिका

माझं मत वेगळं आहे. वाढदिवसाला केक घेऊन येणारे दाते खूप पाहिले. रात्रपाळीच्या मावशींचा पगार द्यायला कुणी आलं नाही. हा खर्च सरकारनेच करायला हवा, कारण ती मुलं सरकारच्या बालकल्याण समितीच्या आदेशाने आमच्याकडे येतात. हप्ता थकला की किराणावाल्याकडे उधारी वाढायची आणि त्याच काळात तपासणीला येणारे ताटात काय वाढलं ते पाहायचे. तरीही अनुदान बंद करा असं मी म्हणणार नाही. वेळेवर द्या.

पुण्याच्या इतिहासाचा वाचक

हा वाद आपल्या शहरात जुना आहे. पेशवे श्रावणात पर्वतीच्या रमण्यात ब्राह्मणांना दक्षिणा वाटत. इंग्रजी अमलात १८४९च्या सुमारास सुधारकांनी अर्ज केला, की दक्षिणेचा हा पुढे चालू राहिलेला पैसा मराठी ग्रंथांसाठी वापरा, आणि त्यावरून शहर पेटलं. पुढे फुले दांपत्याच्या शाळांनाही दक्षिणा फंडातून मदत मिळाली. म्हणजे सरकारी पैशाने मोठी कामं झाली आहेत, हे मान्यच. पण अण्णासाहेब कर्व्यांचं महिला विद्यापीठ १९१६ साली निघालं ते सरकारी मान्यतेशिवाय, दारोदार फिरून जमवलेल्या पैशावर. काय शिकवायचं आणि कोणत्या भाषेत, हे त्यामुळेच त्यांना स्वतः ठरवता आलं.

वस्तीत काम करणारा कार्यकर्ता

आमच्या संस्थेला आरोग्य शिबिरांसाठी अनुदान होतं. त्याच वर्षी वस्तीचं पाणी तुटलं. बायका हंडे घेऊन सरकारी कार्यालयावर मोर्चाला निघाल्या आणि आम्हाला बोलवायला आल्या. विश्वस्त म्हणाले, "मोर्चात आपला फलक नको, आपली फाइल त्याच इमारतीत आहे." कुणी धमकी दिली नव्हती, साधा फोनसुद्धा आला नव्हता. आम्ही आपणहून गप्प बसलो. पैसा खाल्ला तर निदान पकडता येतो, ही गप्प बसण्याची सवय कुठल्याच लेखापरीक्षणात दिसत नाही. मी ती संस्था सोडली. आता आमचा गट वस्तीतल्या वर्गणीवर चालतो. शिबिरं कमी होतात, पण पाण्यासाठी कुणाच्याही दारात उभं राहता येतं.

पुन्हा मी, धागा काढणारी

सप्टेंबर २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने डी.ए.व्ही. कॉलेज ट्रस्टच्या खटल्यात म्हटलं, की सरकारकडून भरीव निधी घेणारी स्वयंसेवी संस्थासुद्धा माहिती अधिकाराच्या कक्षेत येते. तुमच्यापैकी कुणी अशा संस्थेकडे अर्ज केला आहे का? काय मागितलं आणि काय उत्तर आलं, ते सविस्तर लिहा.