'टेक फाइव्ह' म्हणजे पाच काय?

प्रश्न : जॅझवरच्या एका लेखाचं भाषांतर करते आहे. 'टेक फाइव्ह' या प्रसिद्ध रचनेच्या नावापुढे मी 'पाच घ्या' असा अर्थ दिलाय, पण तो वाचताना अडखळायला होतं.

– 'पाच घ्या' नकोच. अमेरिकी बोलीत 'टेक फाइव्ह' म्हणजे काम थांबवून पाच मिनिटं विश्रांती घेणं. आपल्याकडे जिना चढून आलेल्या माणसाला 'जरा टेका' म्हणतात ना, तोच भाव. 'पाच मिनिटं टेका' चालेल. पण नावात दुसरेही पाच आहेत, मात्रांचे. जॅझ बहुधा चारांत चालतं, हे पाचांत. १९५९ मध्ये पियानोवादक डेव्ह ब्रूबेकच्या चौकडीने 'टाइम आउट' हा अल्बम केला, त्यातली ही रचना सॅक्सोफोनवादक पॉल डेझमंडची. ड्रमर जो मोरेलोला पाचांत मनसोक्त वाजवायला मिळावं, हा तिचा हेतू. नाव ब्रूबेकने सुचवलं.

– पण 'पाच मिनिटं टेका'त मात्रा कुठे दिसतात?

– नाहीच दिसत. म्हणून नाव आहे तसं ठेवा आणि दोन्ही अर्थ मजकुरात सांगा.

– मी तबला शिकतो, म्हणून थोडं. 'अर्धा झपताल' असं मात्र लिहू नका. झपताल दहा मात्रांचा, त्याचं अर्धं पाचच; पण तो दोन-तीन, दोन-तीन असा चालतो आणि हे तीन-दोन आहे. झपतालाच्या तिसऱ्या मात्रेपासून म्हणून बघा, 'धी धी ना, ती ना', लगेच कानाला पटेल. मूळ लेखात 'व्हॅम्प', म्हणजे तीच तीच फिरत राहणारी साथ, असेल तर बेलाशक 'लेहरा' लिहा. एकल तबल्यामागे पेटी तीच ओळ धरून ठेवते, तसाच मोरेलोच्या एकलवादनामागे ब्रूबेकचा पियानो तेच दोन स्वरमेळ फिरवत राहतो. १९५८ च्या दौऱ्यात ब्रूबेक मुंबईत सतारवादक अब्दुल हलीम जाफर खाँसाहेबांबरोबर वाजवून गेला होता, तेही लेखात येऊ द्या.

– 'लेहरा' घेतेच. आता शेवटचा शब्द : डेझमंडने मृत्युपत्राने रॉयल्टी अमेरिकन रेड क्रॉसला दिली. इथे 'मानधन' लिहिलंय.

– 'मानधन' त्या-त्या कामाचं, काम संपलं की संपतं. इथे 'स्वामित्वधन' हवं. डेझमंड १९७७ मध्ये गेला, तरी त्यानंतरही ही धून वाजत राहिली आणि तिचे पैसे रेड क्रॉसकडे जात राहिले.