वायफाय गेलं आणि टाकी वाहिली! तुमचे अनुभव सांगा

वाड्यातली
आज सकाळी खालच्या काकूंनी आवाज दिला, "अगं टाकी वाहतेय!" आणि एकदम आमचा पंचवटीतला वाडा आठवला. सहा बिऱ्हाडं, एक मोटर, ती बंद करायची पाळी कोणाची यावरून रोज भांडण. आजी ओसरीवर निवडायला बसायची नि पाण्याच्या आवाजावरून सांगायची, बंद करा, भरली. कधी चुकली नाही. आणि इथे इंदिरानगरात मी मोटरीला स्मार्ट प्लग (वायफायवरून, फोनने चालू-बंद होणारा) लावलाय तर तो मेला दिवसाआड 'ऑफलाइन'. राउटर बंद-चालू केला की येतो, दोन दिवसांनी परत तेच. हॉलमधला बल्बपण तसाच. फोन, टीव्ही मात्र झकास चालतात. कोणाकोणाचं असं झालंय? उपाय असेल तर आधी लिहा, नंतर हसा.

सिडकोकर७
आधी हसलो. सॉरी.

तारेवरची_कसरत
राउटरचे वायफाय बहुधा दोन पट्ट्यांवर चालतं, २.४ आणि ५ गीगाहर्ट्झ. हे प्लग नि बल्ब बहुतेक २.४ वरच चालतात, ५ त्यांना दिसतच नाही. हल्लीचे राउटर दोन्हीला एकच नाव देतात आणि कोण कुठे बसणार ते स्वतःच ठरवतात, फोनला ५ वर ढकललं तर ठीक पण प्लगला ढकलायला गेलं की तो बिचारा बाहेर पडतो. मला हे कळायला दीड महिना लागला, तोवर दुकानदाराला तीन बल्ब परत देऊन झाले होते, आता त्याच्यासमोरून जाताना मान खाली. सेटिंगमध्ये जाऊन दोन्ही वेगळे करा. आणि २.४ चं चॅनेल ऑटोवर ठेवू नका, १, ६, ११ पैकी ज्यावर गर्दी कमी ते घ्या. आमच्या कॉलेज रोडच्या बिल्डिंगमध्ये वायफायची यादी उघडली तर संपता संपत नाही.

वाड्यातली
पण नाव बदललं की सगळं परत जोडत बसायचं ना? नऊ वस्तू आहेत हो.

तारेवरची_कसरत
नाही, जुनं नाव आणि पासवर्ड २.४ लाच राहू दे, ५ ला नवीन द्या. फोन काय, मिनिटात जोडला जातो.

पापडवाली
आमचं घर अजून जुन्या नाशकात, दोन हात जाडीच्या भिंती, राउटर माजघरात आणि कॅमेरावाली बेल दिंडी दरवाजाला. रोज रात्री जेवणाच्या वेळेलाच बंद. शेवटी भाच्याने शोधलं, राउटरशेजारी मायक्रोवेव्ह, आणि सासूबाई त्यात पापड भाजतात. तोही २.४ च्याच आसपास चालतो म्हणे. आता राउटर फडताळावर गेलाय. तरी पाहुणा आला की आधी पापड थांबवतो 😄

सिडकोकर७
पापड उडदाचे का नागलीचे?

पापडवाली
नागलीचे. पेठकडच्या नागलीचे, घरी केलेले.

पुण्यातून_नाशिककर
आईबाबा नाशिकरोडला. थंडीत गीझर मी इथून लावून देते, पहाटे पाचला हमखास ऑफलाइन. कंपनीचा माणूस दोनदा येऊन गेला, राउटर बदलला, मी त्याला वाट्टेल ते बोलले. दिवाळीत घरी गेले तेव्हा रात्री दहाला बाबा उठले, गॅस बघितला, कडी लावली, आणि जाता जाता राउटरचं बटण खट्. "रात्री कोण बघतंय तुझं इंटरनेट?" काय बोलणार.

बागाईतदार
पिंपळगाव बसवंत. बागेतल्या शेडमध्ये कॅमेरा आहे. लाईट जाऊन आली की कॅमेरा लगेच उठतो पण राउटरला दोन-तीन मिनिटं लागतात, तोवर कॅमेरा शोधून शोधून गप्प होतो. राउटरला १२ व्होल्टचा छोटा यूपीएस लावला, तेव्हापासून कटकट नाही. छाटणी चालू आहे, जास्त लिहीत नाही.

सिडकोकर७
दादा यंदा माल कसा?

बागाईतदार
पाऊस थांबू द्या मग सांगतो.

अंबडचा_वायरमन
ताई मोटर थेट प्लगवर?? मोटर सुरू होताना चालू करंटच्या पाच-सहा पट ओढते, प्लगच्या आतला रिले, म्हणजे छोटा स्विच, चिकटला तर वायफाय असो नसो, बंदच होणार नाही. मध्ये कॉन्टॅक्टर, म्हणजे जास्त करंट झेलणारा मोठा स्विच, टाकून घ्या. आणि टाकीत फ्लोट स्विच बसवा, पाणी वर आलं की तोच तोडतो, त्याला ना वायफाय लागत ना पासवर्ड.

वाड्यातली
म्हणजे आजीच की! रविवारी आणते. आज २.४ वेगळं केलंय, संध्याकाळपर्यंत तरी प्लग टिकलाय. काकूंना चिवडा देऊन आले. फ्लोट स्विच कुठे मिळेल, मेनरोडला?

अंबडचा_वायरमन
मिळेल. वायर मोजून न्या, टाकीपासून स्टार्टरपर्यंत.

सिडकोकर७
गाडी नेऊ नका, पार्किंगला जागा नाही. आणि रविवारी सकाळी निघालात तर आधी मिसळ.