बर्गरची चव जगभर एकच? आणि शिव्या मात्र शेंगा चटणीला?

होटगी_रोड
काल सोलापूरकरांच्या ग्रुपवर एक पोस्ट फिरत होती: ‘साखळीवाल्यांचा बर्गर न्यूयॉर्कला खा नाहीतर भारतात, चव तीच. आपल्या शेंगा चटणीची चव मात्र दर दुकानाला वेगळी. म्हणून आपण मागे.’ खाली पन्नास अंगठे. डोकं फिरलं, म्हणून हा धागा.

साध्या फ्राइज घ्या. अमेरिकेत मॅकडोनाल्ड्स 1990 पर्यंत त्या गाईच्या चरबीत तळायचं. मग वनस्पती तेल आलं, पण बीफचा स्वाद आतच राहिला. त्यावरून खटले झाले आणि 2002 मध्ये 1 कोटी डॉलर देऊन तडजोड करावी लागली. तिथल्या फ्राइजमध्ये आजही बीफ फ्लेवर आहे, त्यात गहू आणि दुधाचा अंश. ब्रिटनमध्ये बटाटा, तेल आणि थोडं डेक्स्ट्रोज, संपलं. भारतात 1996 ला दिल्लीत पहिलं दुकान उघडलं तेव्हापासून बीफ नाही, पोर्क नाही, शाकाहारी-मांसाहारी किचन वेगळं, मेयोनीजमध्ये अंडंसुद्धा नाही. मग ‘एकच चव’ आली कुठून?

नव्या_पेठेतला
पदार्थ वेगळे असतील हो, शिस्त एक आहे. तेलाचं तापमान ठरलेलं, बास्केट किती वेळ बुडवायची ते ठरलेलं, घंटी वाजली की वर काढायची. आपल्याकडे भज्यांची कढई कधी धुराला येते, कधी गार, आणि तेल काळं होईपर्यंत बदलायचं नाव नाही. पोस्टवाल्याला तेच म्हणायचंय.

होटगी_रोड
ही शिस्त बटाट्यावर उभी आहे, मालक. बाजारातला कोल्ड स्टोरेजचा बटाटा कापून तळून बघा. बाहेरून तपकिरी, आतून मऊ. 2 ते 4 अंशांवर ठेवलं की स्टार्चची साखर होते आणि ती तेलात करपते. फ्राइजचा बटाटा 10-12 अंशांवर ठेवतात. शिवाय वाण वेगळं लागतं, लांबट आणि कमी पाण्याचं. त्यासाठी गुजरातेत शेतकऱ्यांशी करार करून बटाटा लावावा लागला, मेहसाण्याला कारखाना निघाला. घंटी सगळ्यात शेवटी वाजते.

विजापूर_वेस
ब्रेडचंही तेच. आयर्लंडच्या सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये सांगितलं की सबवेचा पाव करापुरता ब्रेड नाहीच. कायद्यात साखरेची मर्यादा मैद्याच्या 2 टक्के, यांची 10. अमेरिकेत कोकमध्ये मक्याचं सिरप, आपल्याकडे साखर.

पण चटणीबद्दल पोस्टवाला खोटं बोलला नाही. हल्ली निम्मी चटणी मिक्सरची. तिला सोलापुरी म्हणायचं?

नव्या_पेठेतला
झालं सुरू. मिक्सरने काय बिघडतं ते तरी सांगा. भावनेवर नको.

विजापूर_वेस
घ्या. मिक्सरचं पातं दाणे कापतं आणि गरम होतं. आधी कोरडी भुकटी, अजून दहा सेकंद दिलीत की एकदम गोळा. मधली अवस्था सापडतच नाही. कुटताना दाणा दाबला जातो, तेल हळूहळू सुटतं आणि तिखट-लसूण त्या तेलात मुरतं. वरून थेंबभर तेल न घालता चटणी ओलसर दिसते ती त्यामुळे. भुकटीवर तेल ओतून तो रंग आणता येतो, चव येत नाही.

पार्क_चौक
उखळात कुटत बसलंय कोण? दुकानवाले डंकावर, म्हणजे यंत्राच्या मुसळावर कुटतात. आणि खरी चूक त्याच्या आधीच होते. दाणे मोठ्या आचेवर भाजले की साल काळी, आत कच्चे. अर्धा किलोला मंद आचेवर पंधरा-वीस मिनिटं हवीत. पूर्ण गार करा, सालं पाखडा, मगच कुटा. गरम दाणे कुटून डब्यात भरले तर वाफ धरते.

विजापूर_वेस
डंकाला माझी ना नाही. मिक्सरला आहे.

नव्या_पेठेतला
म्हणजे यंत्र चालतं, फक्त तुमच्या पसंतीचं! घरी दोघांपुरती चटणी करायला डंक आणू का बे?

विजापूर_वेस
बे-बे करू नका. मिक्सरच वापरायचा तर दोन-दोन सेकंदांचे झटके द्या, मध्ये चमच्याने हलवा, भांडं गरम लागलं की थांबा. निम्मं भांडंच भरा. ऐंशी टक्के जमेल. झालं समाधान?

नव्या_पेठेतला
ऐंशी टक्के! आत्ता तर सोलापुरी म्हणायचीसुद्धा नव्हती. आभारी आहे.

होटगी_रोड
अहो, धागा बर्गरचा होता.

सात_रस्ता
बर्गर राहू द्या, भाकरीचं बोला. ज्वारीत ग्लूटेन नाही. पीठ उकळत्या पाण्यात मळून तळहाताने रगडलं तरच चिकटा येतो. विरी म्हणजे चिकटपणा गेलेल्या पिठाची भाकरी थापतानाच कडेला फाटते, मग मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी असली तरी. कडक भाकरी तर पातळ थापून, भाजून, निखाऱ्यालगत उभी करून वाळवायची. ओल राहिली की दोन दिवसांत वातड. याला घंटी कुठून लावणार?

नव्या_पेठेतला
बरं, भाकरीला घंटी नाही, मान्य. बर्गरची चव जगभर एक नाही, तेही मान्य. पण पाकिटावर भाजल्याची तारीख आणि कुटल्याची पद्धत छापायला काय हरकत आहे? कुटलेल्या दाण्याचं तेल हवा लागून खवट होतं, गिऱ्हाइकाला कळायला नको?

होटगी_रोड
हे मात्र बरोबर बोललात. चुकून.

पार्क_चौक
लसणाचंही छापा. पाकिटाच्या चटणीत कच्चा ओला लसूण घातला की पाणी सुटतं आणि बुरशी धरते. आधी जरा भाजून कोरडा करायचा. सालीसकट टाकला तरी चालतो.

विजापूर_वेस
सालीसकट?

सात_रस्ता
सालीसकटच. कुटताना साल मोडते, वास टिकतो.

विजापूर_वेस
नवा धागा काढा. इथे नको.