पार्किंग ब्रेकचा 'शू' आणि 'लायनर' : मराठीत दोन शब्द कोणते?

सातपूरकर : एका मोटारीच्या देखभाल-पुस्तिकेच्या अनुवादात मागच्या चाकाची डिस्क (ब्रेकची चकती) काढून तिच्या आतले पार्किंग ब्रेकचे शू (कमानदार धातूचे तुकडे) तपासावेत आणि त्यांवरचे लायनिंग (घासणारा थर) झिजले असल्यास दोन्ही चाकांचे शू एकदम बदलावेत, असा मजकूर आहे. 'शू'साठी मी 'गतिरोधक पट्टी' लिहिले, तेव्हा अंबडच्या गॅरेजमधील मिस्त्री म्हणाले, "गतिरोधक रस्त्यावर असतो, साहेब." ते स्वतः मात्र शू आणि लायनिंग या दोहोंना 'लायनर'च म्हणतात. हा भेद कसा राखावा?

पंचवटीकर : 'गतिरोधक' अर्थानेही चुकतो, कारण हा ब्रेक मुख्यतः उभी गाडी जागेवर धरतो. ते काम एसटीच्या चाकाखालची उटी (चाक अडवणारा ठोकळा) करते. तो शब्द आपण विसरलो, याचेच मला आश्चर्य वाटते. 'हस्तरोधक'ही नको, कारण काही गाड्यांत हा ब्रेक पायाने दाबतात, तर काहींत बटणाने लावतात.

गंगाघाट : परभाषेपुढे इतके नमते का घ्यावे? शू अर्धवर्तुळाकार असतो, बैलाच्या खुराला मारतात त्या नालेसारखा. 'रोधनाल' म्हणावे.

सिडकोवासी : नाल खुराखाली स्वतः झिजते, म्हणजे त्या न्यायाने लायनिंगलाच नाल म्हणावे लागेल. मिस्त्रींची सरमिसळ अडाणीपणाची नाही. ट्रकच्या जुन्या शूवर नवे लायनर रिव्हेट मारून बसवीत, म्हणजे खरोखरच फक्त लायनर बदलत असे. मोटारीत ते शूला चिकटवलेले येते आणि शूसकट बदलावे लागते, तरी तोंडी शब्द जुनाच राहिला. 'शू' आणि 'लायनर' तसेच ठेवा.

गंगाघाट : म्हणजे भाषा गॅरेजवर सोडायची!

सातपूरकर : तूर्त शूला 'शू' आणि लायनिंगला 'घर्षणपट्टी' लिहितो. पण पुढच्याच ओळीत 'अॅडजस्टर' (शू आणि डिस्क यांतले अंतर कमी-जास्त करणारा भाग) आला आहे.

पंचवटीकर : कृपया 'समायोजक' लिहू नका. डिस्कवरील रबरी बूच काढून, स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने आतले दातेरी चाक ढकलीत जायचे आणि डिस्क हाताने फिरवताना घासू लागली की काही दाते मागे घ्यायचे, एवढेच ते काम असते. आमच्याकडे त्याला 'दाते फिरवणे' म्हणतात.

गंगाघाट : 'दंतचक्र' म्हणा.

सिडकोवासी : ते तर गिअरलाही म्हणतात!